ऐंशीनंतर हृदयाची झडप बदलावी का?

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत एका डॉक्टरांनी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आरती झाली, प्रसाद वाटून झाला, आणि तरीही आपण व्याख्यानासाठी थांबलात, याबद्दल आधी आपले आभार मानतो. गणपतीपुढे एखाद्या विषयाची चर्चा व्हावी ही आपल्या उत्सवाची जुनी रीत आहे. इचोड्यातल्या मराठी घरांनी ती पिढ्यान्‌पिढ्या जपली. कार्यकर्त्यांनी मला 'हृदयाचे आरोग्य' असा विषय दिला होता. तो फार मोठा आहे. म्हणून त्यातला एकच प्रश्न मी आज घेणार आहे. तो आपल्यापैकी बऱ्याच घरांत आज ना उद्या येणार आहे. घरातल्या ऐंशी-पंच्याऐंशीच्या माणसाला डॉक्टर सांगतात, "हृदयाची झडप खराब झाली आहे, बदलावी लागेल." अशा वेळी काय करायचे?

हा प्रश्न आला की घरात दोन बाजू पडतात. एक बाजू म्हणते, "आता या वयात कशाला चिरफाड? सुखाने राहू द्या." दुसरी म्हणते, "पैसा लागू दे, पण काही करायचे बाकी ठेवू नका." दोन्ही बाजू प्रेमापोटीच बोलतात. पण ज्याचे हृदय आहे त्या माणसाला बहुतेक वेळा कोणी विचारत नाही. आणि आकडे काय सांगतात तेही कोणाला ठाऊक नसते.

झडप म्हणजे काय

आपण शेतीवाडीची माणसे आहोत. विहिरीवरच्या मोटारीला खाली फूटव्हॉल्व्ह असतो. तो पाणी वर जाऊ देतो, खाली परत येऊ देत नाही. हृदयात असे चार व्हॉल्व्ह आहेत. त्यांना आपण झडपा म्हणू. हृदयातून सगळ्या शरीराला रक्त नेणाऱ्या मोठ्या नळीला महाधमनी म्हणतात, आणि तिच्या तोंडाशी जी झडप असते ती महाधमनीची झडप. दिवसाला सुमारे एक लाख वेळा ती उघडते आणि मिटते.

खाऱ्या पाण्याने पाइपात जसा क्षार धरतो, तसा वय झाले की या झडपेवर चुन्यासारखा थर साचतो. तिचे पडदे कडक होतात आणि तोंड अरुंद होते. निरोगी माणसात हे तोंड तीन ते चार चौरस सेंटिमीटर उघडते. ते एक चौरस सेंटिमीटरपेक्षा कमी झाले की आजार गंभीर समजतात. मोटार तीच, पण तिला चिंचोळ्या तोंडातून पाणी ढकलायचे असते. काही वर्षे ती जोर लावते, मग थकते.

युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या अनेक अभ्यासांचा 2013 साली एकत्र हिशेब मांडला गेला. पंचाहत्तरीच्या पुढच्या लोकांत शंभरातल्या सुमारे बारा जणांना या झडपेचा अरुंदपणा आढळला आणि तीन-चार जणांत तो गंभीर होता. आपल्याकडे झडपेचा आजार म्हटले की लहानपणीच्या सांधेतापाने, म्हणजे ऱ्हुमॅटिक तापाने, तरुणपणीच बिघडलेली झडप आठवते. तो आजार आजही आहे. पण आपली माणसे आता जास्त वर्षे जगू लागली, आणि म्हाताऱ्या झडपेचा हा दुसरा आजार आपल्याही ओसरीवर आला आहे.

"वयच झालं आता"

या आजाराची तीन मोठी लक्षणे आहेत. चालताना धाप लागणे, छातीत दुखणे किंवा दडपण येणे, आणि श्रम करताना चक्कर येऊन शुद्ध हरपणे. अडचण अशी की म्हातारा माणूस ही लक्षणे सांगत नाही. तो आपले वागणेच बदलतो. गेल्या वर्षी पोळ्याला बैलांच्या मागे गावभर फिरलेले आबा यंदा ओट्यावर बसूनच पोळा बघतात. शेताच्या बांधापर्यंत सरळ जाणारी आजी आता मध्ये दोनदा बसते. विचारले तर म्हणते, "वयच झालं आता." आपणही मान डोलावतो.

माझी विनंती आहे की वर्षभरात माणसाचे चालणे एवढे कमी झाले, तर ते वयाच्या खात्यावर टाकण्याआधी एकदा तपासून घ्या. डॉक्टरांना छातीला नळी लावून हृदयात खरखर ऐकू येऊ शकते. मग टूडी इको नावाची तपासणी करतात. ती पोटाच्या सोनोग्राफीसारखीच असते, सुई नाही, दुखणे नाही. झडप किती उघडते ते त्यात दिसते.

हा चुन्याचा थर विरघळवणारी किंवा त्याची वाढ थांबवणारी गोळी आजपर्यंत सिद्ध झालेली नाही. कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांनी तो थांबतो का हे मोठ्या चाचण्यांत पाहिले गेले, थांबला नाही. लघवी होण्याच्या गोळीने सूज उतरते, धाप थोडी कमी होते, पण तोंड अरुंदच राहते. तेव्हा कोणी काढा किंवा पुडी देऊन झडप मोकळी करून देतो म्हणाला, तर त्याला नमस्कार करून घरी या.

लक्षणे सुरू झाल्यावर काही न केल्यास काय होते, हे 1968 साली अमेरिकेतल्या रॉस आणि ब्राउनवाल्ड या डॉक्टरांनी मांडले. छातीत दुखू लागल्यावर सरासरी पाच वर्षे, शुद्ध हरपू लागल्यावर तीन वर्षे, आणि हृदय थकून धाप लागू लागल्यावर दोन वर्षे. हे ऐकायला कठीण आहे. पण "काही करू नका" म्हणणाऱ्या बाजूला हा हिशेब माहीत असला पाहिजे. या आजारात काही न करणे हाही एक निर्णय आहे, आणि त्याचेही परिणाम आहेत.

दोन वाटा

झडप बदलण्याची जुनी वाट म्हणजे छाती उघडून केलेली शस्त्रक्रिया. छातीच्या मधले हाड कापतात, हृदय थांबवून रक्ताभिसरण यंत्रावर घेतात, जुनी झडप काढतात आणि नवी शिवतात. कृत्रिम झडपा 1960 साली माणसाच्या हृदयात बसू लागल्या. त्या वर्षी अमेरिकेत अल्बर्ट स्टार या सर्जननी लोवेल एडवर्ड्‌स या इंजिनिअरबरोबर बनवलेली झडप बसवली. आपल्या देशात तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या पुढाकाराने स्वदेशी झडप तयार झाली, आणि डिसेंबर 1990 मध्ये ती पहिल्यांदा रुग्णाला बसवली गेली.

दुसरी वाट नवी आहे. 16 एप्रिल 2002 रोजी फ्रान्समधल्या रुआं शहरात डॉ. आलाँ क्रिबिए यांनी छाती न उघडता, रक्तवाहिनीतून नळी सरकवून महाधमनीची झडप बसवली. या पद्धतीला 'टावी' म्हणतात. आता बहुतेक वेळा जांघेतल्या धमनीतून नळी घालतात. घडी केलेली नवी झडप जुन्या झडपेच्या जागी नेऊन उघडतात. जुनी झडप काढत नाहीत, ती बाजूला दाबली जाते. हृदय थांबवावे लागत नाही. गुजरातेत वापीला तयार होणारी अशी झडप 2018 पासून भारतात मिळते. परदेशी झडपांशी तिची तुलना करणाऱ्या चाचणीचा निष्कर्ष 2024 साली आला, त्यात ती त्यांच्यापेक्षा कमी ठरली नाही.

आकडे काय सांगतात

आता मुख्य मुद्दा. इतक्या म्हाताऱ्या माणसांना याचा फायदा होतो का?

2010 साली 'पार्टनर' नावाच्या चाचणीचे निकाल आले. त्यात 358 रुग्ण होते, सरासरी वय 83. छाती उघडून शस्त्रक्रिया झेपणार नाही असे सर्जननी ज्यांना सांगितले होते, अशीच ही माणसे. निम्म्यांना टावी केली, निम्म्यांना नेहमीचे उपचार दिले. एका वर्षाने टावीच्या गटात शंभरातले 31 जण गेले होते, दुसऱ्या गटात 51. म्हणजे दर पाच जणांमागे एक जीव वाचला. जे जगले त्यांची अवस्थाही पाहिली. थोड्याशा हालचालीने धाप लागणारे किंवा बसल्या जागी दमणारे टावीच्या गटात शंभरात 25 होते, दुसऱ्या गटात 58. माझ्या दृष्टीने हा आकडा पहिल्या आकड्याइतकाच महत्त्वाचा आहे. म्हातारपणी माणूस नुसती वर्षे मागत नाही. आपल्या पायांनी मोरीपर्यंत जाता यावे, देवळात जाता यावे, नातवाच्या लग्नात बसता यावे, एवढेच तो मागतो.

पण चित्राची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्याच चाचणीत पहिल्या महिन्यात मोठा लकवा टावीच्या गटात शंभरात पाच जणांना झाला, दुसऱ्या गटात एकाला. आणि पाच वर्षांनी पाहिले तेव्हा टावीच्या गटातले 72 टक्के लोकही गेले होते. दुसऱ्या गटातले 94 टक्के गेले होते. झडप नवी झाली तरी मूत्रपिंडे, फुप्फुसे आणि मेंदू जुनेच राहतात. ती माणसे फार आजारी होती आणि साधनेही त्या वेळची होती, हेही ध्यानात ठेवा.

इतकी आजारी नसलेल्या वृद्धांचे काय? ब्रिटनमध्ये सत्तरीच्या पुढच्या 913 रुग्णांवर चाचणी झाली, वय साधारण 81. तिचे निकाल 2022 साली आले. एका वर्षात टावीच्या गटात शंभरात पाचाहून कमी माणसे गेली, शस्त्रक्रियेच्या गटात सात जणांच्या आसपास. म्हणजे दोन्ही वाटांनी नव्वदहून जास्त माणसे वर्षभराने हयात होती. टावी केलेल्यांना रुग्णालयात साधारण तीन दिवस राहावे लागले, शस्त्रक्रियेनंतर आठ दिवस. मात्र टावीनंतर पेसमेकर बसवावा लागण्याचे प्रमाण जवळजवळ दुप्पट होते.

दोन नावे आपल्या ऐकण्यातली आहेत. 1971 च्या युद्धाच्या वेळी ज्यांचे नाव रोज बातम्यांत असे ते अमेरिकेचे हेन्री किसिंजर. 2014 साली, वयाच्या 91 व्या वर्षी त्यांची महाधमनीची झडप बदलली. 2023 मध्ये शंभरी पार करून ते गेले. अमेरिकेच्या माजी राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बार्बरा बुश यांची झडप 2009 साली 83 व्या वर्षी बदलली, त्या 92 व्या वर्षी वारल्या. ही उदाहरणे मी आशेसाठी सांगतो, हमी म्हणून नाही. पण एवढे त्यातून नक्की कळते की केवळ वयाचा आकडा बघून दार लावून घेऊ नये.

वय नाही, तर काय बघायचे?

डॉक्टर वयापेक्षा माणसाची ताकद बघतात. सत्तर वर्षांचा माणूस पार खंगलेला असू शकतो आणि अठ्ठ्याऐंशीचा आजोबा स्वतः पाणी शेंदत असू शकतो. हे मोजण्याच्या पद्धती साध्या आहेत. पाच मीटर चालायला सहा सेकंद किंवा जास्त लागले, तर चाल मंद समजतात. अशा वृद्धांना हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर धोका दुप्पट-तिप्पट असतो, असे आढळले आहे. हातांचा आधार न घेता खुर्चीवरून पाच वेळा उठता येते का, किती वेळ लागतो, हेही बघतात. स्मरणशक्ती शाबूत आहे का, रक्तात हिमोग्लोबिन किती, अल्ब्युमिन नावाचे प्रथिन किती, हेही पाहतात.

यातले काही आपल्या हातात आहे. आपल्याकडची बरीच म्हातारी माणसे चहा-बिस्किटावर आणि भाताच्या दोन घासांवर दिवस काढतात. रक्त कमी असेल तर ते का कमी आहे ते शोधून भरून काढता येते. डाळ, दूध, अंडे चालत असेल तर अंडे, डॉक्टरांना विचारून रोज थोडे चालणे. तारीख पंधरा दिवसांनी असेल तर ते पंधरा दिवस वाया घालवू नका.

आणि काही माणसांना झडप बदलून काही मिळणार नाही, हेही खरे आहे. अंथरुणाला खिळलेला, घरच्यांना न ओळखणारा, कॅन्सरने शेवटाला आलेला रुग्ण नव्या झडपेने उठून बसत नाही. अशा वेळी डॉक्टरांनी "नको" म्हटले तर ते हात झटकत नसतात. धाप, सूज, वेदना आणि भीती कमी करत माणसाला घरी आपल्या लोकांत ठेवणे, हाही उपचारच आहे.

घरातले बोलणे

आपली सोयरीक अर्धी इकडे, अर्धी किनवट, माहूर, यवतमाळकडे. मुलगा हैदराबादला, मुलगी पुण्याला, एखादा नातू परदेशात. निर्णय फोनवर होतो आणि म्हातारा माणूस आतल्या खोलीत झोपलेला असतो. तसे करू नका. त्याला समोर बसवा, त्याच्या भाषेत सांगा. "बापू, झडप खराब आहे. बदलली तर धाप कमी होईल, धोका एवढा आहे. नाही बदलली तर असे होईल. तुमच्या मनात काय आहे?" माणूस शुद्धीवर असेल तर शेवटचा शब्द त्याचा. तो "हो" म्हणाला तर घाबरून त्याला अडवू नका, "नको" म्हणाला तर रडून त्याला भाग पाडू नका.

डॉक्टरांना विचारण्याचे प्रश्न कागदावर लिहून न्या. आमच्या माणसाला शस्त्रक्रिया बरी की टावी, आणि का? या केंद्रात अशा किती झडपा बसवल्या जातात? लकवा, पेसमेकर आणि मूत्रपिंडाचा धोका आमच्या माणसाला किती? सगळा खर्च किती, आणि पेसमेकर लागला तर किती वाढेल?

आणखी एक गोष्ट मी मुद्दाम बोलतो. झडपा दोन प्रकारच्या असतात. धातूची झडप टिकाऊ असते, पण तिच्यासाठी रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते आणि रक्ताची तपासणी वारंवार करावी लागते. वृद्धांना म्हणून सहसा जैविक झडप देतात. ती साधारण दहा-पंधरा वर्षे टिकते, त्या वयाला तेवढे पुरते. पण ती गाईबैलांच्या किंवा डुकराच्या ऊतीपासून बनवलेली असते. टावीच्या झडपाही अशाच. माळकरी घरांत हे मागाहून कळले तर मनाला लागते. आधीच विचारा, ज्येष्ठांना सांगा, आणि मग ठरवा.

पैशाचे बोलू. टावीची झडप महाग असते, खर्च बहुतेकदा दहा लाखांच्या पुढे जातो. तेलंगणात आरोग्यश्रीची मर्यादा डिसेंबर 2023 पासून दहा लाख आहे. सत्तरीच्या पुढच्या सर्वांसाठी, उत्पन्न कितीही असले तरी, केंद्राची आयुष्मान वय वंदना योजना ऑक्टोबर 2024 मध्ये सुरू झाली, तिची मर्यादा वर्षाला पाच लाख. योजनेत कोणती शस्त्रक्रिया बसते आणि ते रुग्णालय यादीत आहे का, हे भरती होण्याआधी रुग्णालयातल्या योजनेच्या खिडकीवर विचारा. आपल्याला हैदराबाद आणि नागपूर ही दोन्ही शहरे हमरस्त्यावर चार-पाच तासांची आहेत. पण तेलंगणाचे आरोग्यश्री कार्ड नागपुरात चालेल असे धरून निघू नका. पुन्हापुन्हा तपासणीला कुठे जाणे झेपेल, सोबत कोण राहील, याचाही विचार करा. मुलाची नोकरी आणि सुनेची वेचणीची मजुरी बुडणार असते. तो खर्च बिलावर दिसत नाही.

झडप बसवून घरी आल्यावर दोन गोष्टी पाळा. एक, दात आणि हिरड्या स्वच्छ ठेवा. दात काढायचा असेल तर डॉक्टरांना नवी झडप आहे हे आधी सांगा, ते प्रतिजैविक गोळी देतील. दोन, थंडी वाजून ताप आला आणि दोन दिवसांत उतरला नाही, तर गल्लीतल्या इंजेक्शनावर भागवू नका. जंतू नव्या झडपेवर बसू शकतात. प्रतिजैविक सुरू करण्याआधी रक्ताची कल्चर तपासणी व्हायला हवी.

मित्रहो, ऐंशीनंतर झडप बदलावी का, याचे सर्वांना लागू पडेल असे उत्तर माझ्याजवळ नाही. पण ते उत्तर जन्मतारखेत नसते. ते त्या माणसाच्या पायांतल्या बळात, त्याच्या इतर आजारांत आणि त्याच्या मनात असते. ते वेळेवर शोधले तर हाती काही लागते, उशीर केला तर दोन्ही वाटा बंद होतात.

म्हणून एक काम देतो. उत्सव संपायच्या आत आपल्या घरातल्या ज्येष्ठांबरोबर मंडपापर्यंत चालत या. त्यांच्या चालीने चाला. ते मध्ये कुठे थांबतात, छातीवर हात ठेवतात का, बोलता बोलता श्वास तुटतो का, बघा. तसे दिसले तर विसर्जनानंतरच्या आठवड्यात त्यांना तपासायला न्या.

 गणपती बाप्पा मोरया!